ध्वनिसूची १.० : कोणाचं काय देणं लागतो

सोमवार, ७ जुलै २०२५

ध्वनिसूची महिनाअखेर बाहेर द्यायची असं ठरलं. आजवर हा प्रोग्राम आमच्या तिघांच्याच मशीनवर चालत होता: जुन्या ध्वनिमुद्रणांची यादी करायची, तुकडे पाडायचे, हवं ते शोधायचं. आता इन्स्टॉलर बनवून मागेल त्याला द्यायचा, म्हणजे दोन प्रश्न उभे राहिले. आपल्या कोडला लायसन्स कोणतं लावायचं? आणि त्याच्या पोटात जे दुसऱ्यांचं भरलंय ते पुढे द्यायचा हक्क आपल्याला आहे का? काम माझ्याकडे आलं. 'दोन तासांचं आहे,' असं मीच म्हणाले, ते इथे लिहून ठेवते.

(परवाना हा शब्द आहेच, पण परवाना म्हटलं की बंदूक डोळ्यांपुढे येते. आम्ही लायसन्सच म्हणतो, इथेही तेच.)

लायब्ररींच्या लायसन्सांची यादी काढणारं पिप-लायसन्सेस हे अवजार चालवलं. थेट वापरलेल्या लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेले कोडचे तयार गठ्ठे) ९, त्यांनी ओढून आणलेल्या धरून ४१. शिवाय एफएफएमपेग (ध्वनी-व्हिडिओच्या फाइली बदलून देणारा प्रोग्राम), एक फॉन्ट, आयकॉनचा संच आणि कोणी कधी आणून टाकल्या ते आठवत नाही अशा काही फाइली. तक्ता केला: नाव, आवृत्ती, लायसन्स. संध्याकाळी चौथा रकाना वाढवावा लागला: 'कुठून कळलं'. कारण एका लायब्ररीच्या माहितीत बीएसडी हे लायसन्स लिहिलं होतं आणि आतली फाइल उघडली तर एमआयटी. हे अवजार बरणीवरची चिठ्ठी वाचतं, बरणी उघडत नाही. सहा ओळींपुढे तर 'अननोन' एवढंच.

मंगळवार, ८ जुलै

धाकट्या सहकारिणीनं आधी एक यादी केली होती ती सापडली. लायसन्सच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द: 'फ्री'.

इंग्रजीवाल्यांना या एका शब्दानं चाळीस वर्षं छळलंय. बोलण्याच्या स्वातंत्र्यातला फ्री, फुकटच्या बिअरमधला फ्री नाही, असं त्यांना दर वेळी समजावून सांगावं लागतं. आपल्याकडे 'मुक्त' आणि 'फुकट' असे दोन सरळ शब्द आहेत. तरी आपण 'फ्री' उसना घेतला आणि सोबत त्यांचा गोंधळही घरी आणला.

मुक्त म्हणजे काय ते या चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांच्या चार स्वातंत्र्यांवरून तपासायचं. मोजणी शून्यापासून, प्रोग्रामरच ते. शून्य: कोणत्याही कामासाठी चालवा. एक: आत कसं चालतं ते पाहा, हवं तसं बदला. दोन: प्रती वाटा. तीन: बदललेल्या प्रतीही वाटा. एक आणि तीनसाठी सोर्स (माणसानं लिहिलेला मूळ कोड) हातात हवा, नाहीतर ते नुसतं कागदावर. २७ सप्टेंबर १९८३ ला त्यांनी ग्नू हा मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन उभं राहिलं. त्याच सुमारास ते ईमॅक्स हा आपला एडिटर टेपवर घालून १५० डॉलरला विकत होते. म्हणजे मुक्त, पण फुकट नाही. उलट बाजूला फ्रीवेअर: दमडी लागत नाही, पण आत डोकावायची सोय नाही आणि पुढे वाटायचं तर बऱ्याचदा परवानगी मागा. शेअरवेअर तर काही दिवस वापरा आणि मग पैसे भरा या जातीचं.

'ओपन सोर्स' हा शब्द फेब्रुवारी १९९८ मधला, ख्रिस्टीन पीटरसन यांनी सुचवलेला. त्याच महिन्यात ओपन सोर्स इनिशिएटिव्ह सुरू झालं. त्यांची व्याख्या डेबियन या लिनक्स वितरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांवरून उतरवलेली आहे. लायसन्सांची यादी काढली तर दोन्ही गटांची जवळजवळ एकच निघते. भांडण आहे ते 'हे कशासाठी करायचं' यावर. माझ्या तक्त्याला त्या भांडणानं फरक पडत नाही.

'फ्री' पुसलं. आता चार खाने: सैल (अटी थोड्या: एमआयटी, बीएसडी, अपाची), घट्ट (पुढे देताना सोर्स खुला ठेवायला लावणारी: जीपीएल आणि त्याची भावंडं), फुकट पण बंद, आणि कळत नाही.

बुधवार, ९ जुलै

सैल खाना आधी उरकू म्हटलं. २३ लायब्ररी एमआयटीच्या. सोपं काम.

एमआयटीचा मजकूर आज पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला, इतकी वर्षं वापरून. जेमतेम तीन परिच्छेद. वापरा, बदला, विका, काहीही करा. बिघडलं तर आम्ही जबाबदार नाही. अट एकच: मूळ कॉपीराइटची ओळ आणि हा मजकूर प्रत्येक प्रतीत किंवा मोठ्या भागात राहिला पाहिजे.

आमचा चाचणीचा इन्स्टॉलर उघडून पाहिला. २३ लायब्ररी आत आहेत, मजकूर एकाचाही नाही. पॅकेज बांधताना फाइली गाळल्या गेल्या होत्या, आकार कमी व्हावा म्हणून, आणि गाळणारी स्क्रिप्ट माझीच. सगळे जीपीएलला घाबरतात. आम्ही मोडत होतो ते सगळ्यात सैल लायसन्स.

बीएसडीच्या जुन्या रूपात चार कलमं होती. त्यातलं एक जाहिरातीचं: या सॉफ्टवेअरच्या गुणांचा उल्लेख करणाऱ्या प्रत्येक जाहिरातीत बर्कलीच्या विद्यापीठाचं नाव घ्या. प्रत्येक नव्या लेखकानं तिथे स्वतःचं नाव घातलं. स्टॉलमन यांनी १९९७ च्या नेटबीएसडीत अशी ७५ वाक्यं मोजली होती. १९९९ मध्ये विद्यापीठानं ते कलम काढून टाकलं. आज दिसतात ती तीन आणि दोन कलमांची रूपं. आमच्याकडे सगळी तीनचीच, तपासली.

अपाची २.० हे २००४ चं. सैलच, पण वकिलानं लिहिलेलं कळतं. यात पेटंटची गोष्ट स्पष्ट आहे: ज्यानं कोड दिला त्यानं त्या कोडपुरता पेटंटचा हक्कही दिला, आणि तुम्ही याच सॉफ्टवेअरवरून पेटंटचा दावा ठोकलात तर तुमचा तो हक्क गेला. नोटिस नावाची फाइल असेल तर तीही पुढे द्यायची, बदललेल्या फाइलीत 'बदलली' असं लिहायचं. अपडेट तपासायला वापरतो ती रिक्वेस्ट्स लायब्ररी याच लायसन्सची.

शुक्रवार, ११ जुलै

घट्ट खाना. पहिलंच नाव पायक्यूटी. आमच्या प्रत्येक खिडकीला, बटणाला तीच लागते. लायसन्स: जीपीएल ३, किंवा पैसे भरून व्यावसायिक. मधलं काही नाही.

जेवणाच्या सुट्टीत यावरून बरंच झालं.

'म्हणजे आपण इतकी वर्षं चोरी करत होतो?' धाकटीनं विचारलं.

'अगं नाही,' ज्येष्ठ सहकारी म्हणाले. 'आपल्याच मशीनवर चालवलं तर जीपीएल काहीच मागत नाही. बदल, मोड, जोड, तुझं तू बघ. दुसऱ्याच्या हातात प्रत ठेवलीस की मग.'

'मग पैसे घेता येणार नाहीत?'

'घे की. लाख रुपये घे. फक्त ज्याला दिलंस त्याला सोर्सही द्यायचा, आणि त्यानं तो उद्या फुकट वाटला तर तोंड वाकडं करायचं नाही.'

'सर, मग कोण देईल लाख रुपये?'

यावर ते हसले फक्त.

जीपीएलचं मर्म त्यांनी बरोबर पकडलंय. कॉपीराइट कायद्यात प्रत काढायचा आणि बदलायचा हक्क लेखकाचा. जीपीएल तोच हक्क वापरून उलटी अट घालतं: मी तुला जे स्वातंत्र्य दिलं ते पुढच्यालाही दे, कमी करू नकोस. म्हणून नाव कॉपीलेफ्ट. पहिली आवृत्ती १९८९, दुसरी १९९१, तिसरी २९ जून २००७. तिसरीमागे एक कारण होतं टीव्हो. टीव्ही रेकॉर्ड करणारं हे यंत्र लिनक्सवर चालायचं, कंपनी सोर्सही द्यायची, पण तो बदलून परत यंत्रात घातला की यंत्र सही जुळत नाही म्हणून चालायला नकार द्यायचं. घराची किल्ली दिली आणि आतून कडी लावली. तिसऱ्या आवृत्तीनं घरगुती यंत्रांपुरती ती कडी काढायला लावली. लिनक्सचं कर्नल (गाभा) मात्र आजही दुसऱ्या आवृत्तीवरच आहे.

पर्याय आहे: पायसाइड. काम तेच, लायसन्स एलजीपीएल. एलजीपीएल म्हणजे लायब्ररीपुरतं कॉपीलेफ्ट: लायब्ररीत केलेले बदल खुले करा, तिला बाहेरून वापरणारा तुमचा प्रोग्राम तुमचा. अट अशी की वापरणाऱ्याला ती लायब्ररी बदलून स्वतःची घालता आली पाहिजे. म्हणजे सगळं एकाच फाइलीत कोंबण्यापेक्षा फोल्डर तसाच ठेवणं बरं. पायसाइडवर गेलो तर आपलं लायसन्स निवडायला मोकळे.

शनिवार, १२ जुलै

सुट्टीचा दिवस घालवून पायसाइडवर नेऊन पाहिलं. आयातीच्या ओळी बदलल्या, 'पायक्यूटीसिग्नल' होतं तिथे 'सिग्नल', 'पायक्यूटीस्लॉट' होतं तिथे 'स्लॉट'. चार तासांत खिडकी उघडली. तरंगचित्र उलटं दिसतंय, ते पुढे बघू. खूश आहे.

सोमवार, १४ जुलै

एफएफएमपेग. हे मूळचं एलजीपीएल २.१ किंवा नंतरचं. पण बांधताना (सोर्सपासून चालता प्रोग्राम तयार करताना) कोणते स्विच लावले त्यावर लायसन्स ठरतं, हे मला माहीत नव्हतं. 'इनेबल-जीपीएल' लावला की जीपीएलचे भाग आत येतात, उदाहरणार्थ एक्स२६४, आणि सगळं मिळून जीपीएल होतं.

आमची बांधलेली प्रत कोणीतरी दोन वर्षांपूर्वी उतरवून ठेवलेली. टर्मिनलवर एफएफएमपेगला लायसन्सचा पर्याय देऊन विचारलं. त्यानं स्वतःच सांगितलं: या प्रतीत नॉनफ्री भाग आहेत, त्यामुळे ती कायद्यानं पुढे वाटता येत नाही.

दोनदा वाचलं. कॉन्फिगरेशनची ओळ पाहिली तर 'इनेबल-जीपीएल' आणि 'इनेबल-नॉनफ्री' शेजारी शेजारी. कारण आत फ्राउनहोफर संस्थेची एफडीके-एएसी, एएसी प्रकारचा ध्वनी बनवणारी लायब्ररी. तिच्या अटी जीपीएलशी जुळत नाहीत. दोघी वेगवेगळ्या वाटता येतात, पण एका प्रतीत बांधल्या की ती प्रत कोणालाही देता येत नाही. स्वतःपुरती वापरा. आम्ही तेच करत होतो, म्हणून दोन वर्षं कुठे अडलं नाही. महिनाअखेर मात्र हीच प्रत इन्स्टॉलरमधून गेली असती.

दुपारी दोन्ही स्विच काढून स्वतः बांधलं. एक्स२६४ व्हिडिओसाठी, आम्हाला लागतच नाही. एएसीसाठी एफएफएमपेगचं स्वतःचं एन्कोडर आहे, आणि साठवण तर आम्ही फ्लॅक या ध्वनिप्रकारातच करतो. गमावलं काही नाही. बांधणीची पूर्ण ओळ तक्त्यात 'कुठून कळलं'खाली चिकटवली.

मंगळवार, १५ जुलै

एस्क्यूलाइट (छोटा डेटाबेस): पब्लिक डोमेन. लेखकांनी हक्कच सोडलेत. लायसन्सच्या जागी सोर्सच्या वरती एक आशीर्वाद आहे: तुमच्या हातून चांगलं घडो, वाईट न घडो. ज्यांच्या वकिलांना आशीर्वाद पुरत नाही त्यांच्यासाठी ते पैसे घेऊन हक्काचं पत्रही देतात. मला हे भारी आवडलं.

आणि योगायोग बघा, मदतीच्या पानांची जावास्क्रिप्ट आवळायला जेएसमिनची एक जुनी प्रत वापरली होती. तिच्या डोक्यावर एमआयटीचाच मजकूर, त्यात तिचे लेखक डग्लस क्रॉकफर्ड यांनी घातलेली एक जादा ओळ: हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावं, वाईटासाठी नाही. इच्छा तीच, पण इथे ती अट झाली. मग शून्यावं स्वातंत्र्य संपलं, कारण कोणत्याही कामासाठी चालवा असं ते उरलं नाही. आणि वाईट म्हणजे काय ते ठरवणार कोण? म्हणून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन याला मुक्त मानत नाही, डेबियनही नाही. आवळणंच बंद केलं. पानं थोडी जड झाली, चालेल.

गुरुवार, १७ जुलै

'कळत नाही' खान्यातली सगळ्यात अवघड नोंद: तरंगचित्र काढणारी छोटी लायब्ररी. ३०० ओळी, सुबक लिहिलेल्या, सगळ्या जगाला दिसतील अशा ठेवलेल्या. लायसन्स मात्र कुठेच नाही. ना फाइल, ना डोक्यावर ओळ.

धाकटीचं म्हणणं, उघड्यावर ठेवलंय म्हणजे घ्यायलाच ठेवलंय. कायदा उलटं म्हणतो. लिहिलं त्या क्षणी कॉपीराइट लागतो, जाहीर करावा लागत नाही. लायसन्स नाही म्हणजे सगळे हक्क लेखकाकडे. शेजारच्या झाडाला फळं दिसतात म्हणून तोडायची सोय नाही. लेखकाला पत्र लिहिलं: तुमचा कोड आवडला, पुढे द्यायचा आहे, एखादं लायसन्स लावाल का. कोणतं लावा ते मुद्दाम सांगितलं नाही.

तुकडे पाडायच्या फाइलीत १४ ओळींचं एक फंक्शन सापडलं, वर टिप्पणी: 'स्टॅक ओव्हरफ्लोवरून'. प्रोग्रामरांच्या त्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय-एसए (नाव द्या, त्याच अटींवर पुढे द्या) लायसन्सखाली असतो, आणि कोणती आवृत्ती ते लिहिल्याच्या तारखेवर. हे उत्तर २०१४ चं, म्हणजे आवृत्ती ३. आवृत्ती ४ जीपीएल ३ मध्ये एकाच दिशेनं मिसळता येते, ३ नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सवाले स्वतःच सांगतात की आमची लायसन्सं कोडला लावू नका. टिप्पणी लिहिणाऱ्याचे आभार, नाहीतर कळलंच नसतं. फंक्शन न बघता, कागदावर आकृती काढून, नव्यानं लिहिलं. नवं ११ ओळींचं आहे आणि एक जुना बगही गेला.

शुक्रवार, १८ जुलै

कोड नसलेल्या गोष्टी. मार्च २०२१ मध्ये रुबी भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्यांची झालेली पंचाईत आठवली म्हणून या दिवसाला सुट्टी दिली नाही. माइममॅजिक नावाची छोटी लायब्ररी, लायसन्स एमआयटी, पण आत एक एक्सएमएल फाइल जीपीएलच्या प्रकल्पातून आलेली. कोणीतरी दाखवून दिलं, लेखकानं लायसन्स बदललं आणि जुन्या आवृत्त्या मागे घेतल्या. आणि रेल्स हा रुबीतला लोकप्रिय सांगाडा तिच्यावर अवलंबून असल्यानं ठिकठिकाणच्या लोकांची बांधणी सकाळी उठून अडली. नुसती माहितीची एक फाइल.

आमचे आयकॉन: क्रिएटिव्ह कॉमन्स, पण 'एनसी', धंद्यासाठी नाही. अशी अट आली की ते मुक्त राहत नाही. संच बदलला, अपाचीवाला घेतला. रंग जुळत नाहीत.

फॉन्ट: एसआयएलचं ओपन फॉन्ट लायसन्स. उत्तम, सॉफ्टवेअरसोबत देता येतो. नुसता फॉन्ट सुटा विकता येत नाही एवढंच. मग लायसन्सची फाइल शेवटपर्यंत वाचली. पहिल्याच ओळीत 'राखीव नाव' लिहिलेलं. म्हणजे फॉन्टमध्ये बदल केला तर मूळ नाव वापरायचं नाही. आणि आम्ही आकार कमी करायला त्यातली नको ती अक्षरं छाटली होती, नाव तेच ठेवून. छाटणं हाही बदलच. अख्खा फॉन्ट परत घातला. इन्स्टॉलर काही किलोबाइटनं वाढला, त्यावर माझी हरकत नाही. छाटणीची स्क्रिप्टही माझीच होती.

सोमवार, २१ जुलै

आज जिरली.

ध्वनिफाइलींचे टॅग वाचायला म्यूटाजेन वापरतो. तक्त्यात ते शेवटून तिसरं, म्हणून आज पाळी आली. लायसन्स: जीपीएल २ किंवा नंतरचं. म्हणजे पायसाइडवर जाऊन मी सुटका केली ती झालीच नव्हती. शनिवारचे चार तास पाण्यात. आधी घट्ट खान्यातली सगळी नावं एकत्र बघायला हवी होती. मी पहिलं नाव दिसताच कोड लिहायला बसले.

आता जुळतं का ते बघायचं. रिक्वेस्ट्स अपाची २.० ची. फाउंडेशनच्या मते अपाची २.० जीपीएल ३ शी जुळतं, जीपीएल २ शी नाही, कारण पेटंटची कलमं जीपीएल २ ला जादा निर्बंध वाटतात आणि जादा निर्बंध ते चालवून घेत नाही. म्यूटाजेनच्या डोक्यावर फक्त 'आवृत्ती २' असतं तर दोघांतलं एक काढावं लागलं असतं. पण तिथे 'किंवा नंतरची कोणतीही' हे शब्द आहेत. ते धरून आवृत्ती ३ घ्यायची, म्हणजे म्यूटाजेन, रिक्वेस्ट्स, पायक्यूटी सगळे एका पंक्तीत बसतात. एफएफएमपेग तसंही वेगळा प्रोग्राम म्हणून बोलावतो, आणि त्याच्याही मजकुरात 'किंवा नंतरचं' आहे.

प्रत्येक घट्ट लायब्ररीचा डोक्यावरचा मजकूर पुन्हा वाचला, त्या तीन शब्दांसाठी. पायक्यूटी सोडून सगळीकडे आहेत, आणि तिथे नेमकी आवृत्ती ३ च आहे, म्हणून अडत नाही.

मंगळवार, २२ जुलै

तर मग आपलं लायसन्स. एकत्र प्रत जीपीएल ३ खालीच जाणार हे ठरल्यासारखं आहे. तरी आपल्या स्वतःच्या फाइली एमआयटी ठेवता येतात, पूर्ण प्रत जीपीएल राहते, त्यात विसंगती नाही.

धाकटीला एमआयटी हवं. कोणीही घ्यावं, कोणी बंद वस्तूत घातलं तरी हरकत नाही, वापर तर होईल. ज्येष्ठांना जीपीएल. उद्या कोणी यावर दोन बटणं वाढवून बंद करून विकलं तर आपल्यालाच ती बटणं मिळणार नाहीत, हे त्यांना पटत नाही. लिंक्सिसच्या राउटरची गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली (आम्हाला पाठ आहे): २००३ मध्ये त्या राउटरमध्ये लिनक्स आहे हे लोकांनी ओळखलं, सोर्स मागितला, कंपनीला द्यावा लागला, आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली जन्माला आली. एमआयटी असतं तर मागायलाच तोंड नव्हतं.

मी एजीपीएलचं नाव काढलं. सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामची प्रत कोणाच्या हातात जातच नाही, त्यामुळे साधं जीपीएल तिथे गप्प बसतं. एजीपीएल म्हणतं, बदललेला प्रोग्राम जाळ्यावरून वापरू दिलात तरी त्या वापरणाऱ्यांना सोर्स द्या. पण आमचं सर्व्हररूप अजून कोणाच्या डोक्यातही नाही. नको.

मग गाडी अलीकडच्या घडामोडींवर गेली. मोंगोडीबी या डेटाबेसच्या कंपनीनं २०१८ मध्ये एजीपीएल सोडून स्वतःचं एसएसपीएल हे लायसन्स आणलं, ओपन सोर्स इनिशिएटिव्हनं ते मान्य केलं नाही. मग आणखी कंपन्यांनी मुक्त लायसन्स सोडलं: इलॅस्टिक २०२१, हॅशीकॉर्प २०२३, रेडिस मार्च २०२४. सोर्स दिसतो, पण स्पर्धकानं सेवा म्हणून विकायचा नाही. हे 'सोर्स बघा' जातीचं, मुक्त नाही. शेवटच्या तिन्ही वेळी लोकांनी शेवटची मुक्त प्रत घेऊन वेगळी चूल मांडली: ओपनसर्च, ओपनटोफू, व्हॅल्की. इलॅस्टिक आणि रेडिस नंतर एजीपीएलचा पर्याय घेऊन परतले. मालक एकटाच असला, किंवा योगदान देणाऱ्यांनी लायसन्स बदलायचा हक्क लिहून दिलेला असला, की असं एका रात्रीत करता येतं. आमच्याकडे तसा करार घ्यायचा नाही, यावर तिघांचंही एकमत. उद्या आम्हालाच मोह झाला तर?

ठरलं: जीपीएल ३ किंवा नंतरचं. आम्ही लिहिलेली शोधाची छोटी लायब्ररी वेगळी काढून एमआयटी. धाकटी निम्मी खूश.

गुरुवार, २४ जुलै

तरंगचित्रवाल्या लेखकाचं उत्तर. त्यांना वाटत होतं की उघड्यावर ठेवलं म्हणजे झालं मुक्त. आजच एमआयटीची फाइल घातली आहे. पत्र दोन ओळींचं, पण सौजन्याचं.

दुसरं पत्र मला लिहावं लागलं. दोन वर्षांपूर्वी एका मित्रानं आमच्या कोडमध्ये ४० ओळी दुरुस्त करून दिल्या होत्या. त्या ४० ओळींचे हक्क त्याचे. विचारल्याशिवाय लायसन्स लावता येत नाही. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरवाल्यांनी आपलं इंजिन जीपीएलवरून एलजीपीएलवर न्यायला ठिकठिकाणच्या जुन्या सहकाऱ्यांना एकेक करून शोधून काढलं होतं. आमचा एकच आहे आणि फोनही उचलतो. 'हो' म्हणाला. लेखी घेतलं.

सोमवार, २८ जुलै

पायसाइडचा प्रयोग फेकला, पायक्यूटीवर परत. (तरंगचित्र सुलटं झालं.)

प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर एसपीडीएक्सची (लायसन्सच्या ठरीव लघुनावाची) एक ओळ आणि कॉपीराइटची एक. लायसन्सांचे पूर्ण मजकूर एका फोल्डरात. रियूज नावाचं अवजार तपासून सांगतं कुठे काही राहिलं का; पहिल्या फेरीत ११८ फाइली, दुपारी ९, संध्याकाळी एक. ती एक उद्या.

प्रोग्राम बांधून देणारं पायइन्स्टॉलर हे अवजार स्वतः जीपीएलचं आहे, आणि त्याचा थोडा कोड प्रत्येक इन्स्टॉलरमध्ये जातो. पण त्यांनी सवलतीचं कलम लिहून ठेवलंय: बांधलेला प्रोग्राम कोणत्याही लायसन्सखाली द्या. जीसीसी या कंपायलरच्या लायब्ररीलाही असंच कलम आहे, नाहीतर जगातले किती प्रोग्राम आपोआप जीपीएल झाले असते.

सोर्स कसा द्यायचा? दुसऱ्या आवृत्तीत तीन वर्षं टिकणारं लेखी आश्वासन देऊन मागाहून पाठवायची मुभा आहे. तीन वर्षं कोणाच्या लक्षात राहणार? इन्स्टॉलरच्या शेजारीच सोर्सची झिप ठेवायची, एफएफएमपेगच्या नेमक्या आवृत्तीच्या सोर्ससकट.

बुधवार, ३० जुलै

कोऱ्या मशीनवर, दिलेल्या झिपमधूनच, बांधून पाहिलं. अडलं. बांधणीची स्क्रिप्ट झिपमध्ये नव्हती. ती माझ्या मशीनवरच्या वेगळ्या फोल्डरात, आणि तिच्यात माझ्या फोल्डरचा पत्ता कोरलेला. जीपीएलचा सोर्स म्हणजे नुसता कोड नाही, बांधायला लागणाऱ्या स्क्रिप्टाही त्यात येतात. स्क्रिप्ट साफ करून आत घातली. तिसऱ्या खेपेला धाकटीनं, मी काही न सांगता, एकटीनं बांधून दाखवलं. २६ मिनिटं.

राहिलेली एक फाइल: तुकडा कापून झाला की वाजतो तो टिंग, दीड सेकंदाचा. कोणी आणला कोणालाच आठवत नाही. ज्येष्ठ म्हणतात धाकटीनं, धाकटी म्हणते ती यायच्या आधीपासून आहे. एफएफएमपेगनंच ८८० हर्ट्झचा नवा सूर काढला, शेवटाला विरत जाणारा. आधीच्याइतका गोड नाही.

तक्त्यातली शेवटची ओळ भरली. लायसन्स: आपलंच. कुठून कळलं: मी समोर बसून बनवला.